मंगळवारची मोजणी

शुक्रवारी सकाळी शाळेच्या मैदानावर मांडव घातलेला पाहिला, तेव्हाच एकुआ यामोआ मनात म्हणाली, आज हे लोक गोड बोलून काहीतरी घशात घालणार. एन्सुआनोसारख्या मच्छीमारांच्या गावाला एवढा मान फुकट कुणी देत नाही. निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर पाण्याची बाटली आणि बाटलीखाली गुळगुळीत कागदाचं पुस्तक. पुस्तकावर एक कासव, कासवाच्या मागे बंदराची क्रेन, आणि वर मोठ्या अक्षरांत 'हरित बंदर: विकासही, निसर्गही'. कासवाला कुणी विचारलं होतं की नाही कोण जाणे, कारण गावाला तर विचारलं नव्हतं.

शुक्रवार म्हणजे दर्यावर जायचा दिवस. निम्म्याहून जास्त पुरुष पहाटेच होड्या घेऊन गेले होते. मांडवात बायाच जास्त होत्या, आणि त्या एकुआच्या मागे बसल्या होत्या. मासे विकणाऱ्या बायांची ती राणी, म्हणजे कोंकोहेमा. किनाऱ्यावर मासा उतरला की पहिला शब्द तिचा. सगळं गाव तिला 'मामे' म्हणायचं, आई म्हणावं तसं. वय साठीच्या पुढे, अंगाने आडवी, आणि जिभेला धार अशी, की भांडायला आलेला माणूस आधी दोनदा विचार करी.

बंदराचे पर्यावरण अधिकारी घार्टी इंग्रजीत वाचत होते आणि एकुआची भाची आद्वोआ, शाळेतली मास्तरीण, वाक्या-वाक्याला गावाच्या भाषेत, फान्तीत, सांगत होती. सुरुवातीला सगळं छान होतं. बंदर वाढणार, मोठी जहाजं लागणार, तरुणांना कामं मिळणार. गोदामांच्या छपरांवर सौरपट्ट्या बसणार. धक्क्यावर कुंड्यांमध्ये झाडं लावणार. मग घार्टींनी पान उलटलं आणि त्यांचा आवाज थोडा खाली गेला. आद्वोआ ऐकत राहिली आणि बोलायचीच थांबली.

"काय म्हणाला?" एकुआने विचारलं.

आद्वोआने कागद स्वतःच्या हातात घेतला आणि सावकाश वाचलं. सर्वेक्षणाच्या पाचही दिवशी पाहणी क्षेत्रात मासेमारी करणारी एकही होडी आढळली नाही. किनाऱ्यावर वापरात नसलेल्या दोनशे चौदा होड्या पडून आहेत. सबब, खोदकामातून निघणारा गाळ खाजणात टाकून ती जागा कंटेनरसाठी सपाट केल्यास कुणाच्याही उपजीविकेवर परिणाम होण्याचा संभव नाही.

खाजण म्हणजे गावाच्या पाठीशी पसरलेलं खारं पाणी, त्याच्या कडेची तिवरं, त्या तिवरांच्या मुळांत वाढणारी माशांची पिल्लं आणि काठावरच्या बायांच्या मासे धुरावण्याच्या भट्ट्या. ते बुजलं, तर दोन वर्षांत दर्यातला मासा कमी होणार आणि भट्ट्या तर पहिल्याच दिवशी जाणार. गावाच्या पोटावर पाय देणारं ते वाक्य इतकं साधं होतं, की आधी कुणाचा त्यावर विश्वासच बसेना. दोनशे चौदा होड्या पडून आहेत म्हणे! गेल्याच महिन्यात रंग दिलेल्या होड्या, नाकावर झेंडे लावलेल्या. त्यांतली एक एकुआच्या मुलाची होती आणि तो त्या क्षणी तिच्यात बसून कोसभर आत दर्यात जाळं ओढत होता.

एकुआने शेजारी पाहिलं. तिचा थोरला भाऊ क्वेगिर, मच्छीमारांचा मुखिया, त्याला सगळे नाना म्हणत. तो गुडघ्यांवर हात ठेवून खाली मान घालून बसला होता. त्याचा चेहरा पाहूनच तिच्या लक्षात आलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आद्वोआ, पाहणीच्या तारखा काय दिल्यात बघ. आणि त्या दिवशी वार काय होता ते काढ."

आद्वोआने शेवटचं पान काढलं, मोबाईलवर कॅलेंडर उघडलं आणि एकेक तारीख बघत गेली. पहिली तारीख, मंगळवार. दुसरी तारीख, मंगळवार. तिसऱ्या तारखेला मागच्या बायाच आधी बोलल्या. पाचवी तारीख झाली तेव्हा कुणीतरी हसलं, आणि ते हसणं ऐकून बाकीच्यांना फार राग आला.

मंगळवारी एन्सुआनोचा माणूस दर्यावर जात नाही. एन्सुआनोचाच काय, त्या अख्ख्या किनाऱ्यावरचा कुणी जात नाही. मंगळवार दर्याचा. त्या दिवशी जाळी दुरुस्त होतात, भांडणं मिटवली जातात, मयताच्या बैठका होतात, म्हातारे सोंगट्या खेळतात. ही गोष्ट तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

आणि त्या लोकांना मंगळवारी बोलावलं होतं नानानेच. बंदराचं पत्र आलं होतं, कुठला दिवस सोयीचा ते कळवा. नाना म्हणाला, मंगळवार. इतर दिवशी पुरुष दर्यावर असतात. पाहुणा दारात यायचा आणि घरात पाणी द्यायला पुरुष नसायचा, हे शोभतं का? मंगळवारी सगळे असतात. पाहुण्याला आधी पाणी द्यावं, मग कशाला आलात ते विचारावं, मग जेवू घालावं, ही रीत. म्हणून पाच मंगळवार त्यांच्यासाठी नानाच्या अंगणात बाकं मांडली गेली. एकुआने स्वतः रांधलं. केळीच्या पानात उकडलेले डोकोनो, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, वाटलेली मिरची, आणि पामफळांच्या दाट कालवणात सोमवारी पकडलेला मासा. राजधानीच्या सल्लागार कंपनीचा तो ओपोकू, ज्याच्याकडे उडतं यंत्र होतं, तो तर तीन-तीनदा वाढून घ्यायचा. बोटं चाटत म्हणायचा, मामे, असा मासा राजधानीत मिळत नाही. आणि हात धुऊन जाऊन त्याने लिहिलं, की इथे मासेमारी होत नाही. खाल्ल्या मिठाला जागणं राहू दे, खाल्लेल्या माशाला तरी जागायचं होतं!

एकुआ उभी राहिली. तिने घार्टींना तेवढंच विचारलं, जे कुणीही विचारलं असतं. रविवारी तुमच्या ऑफिसात येऊन मी माणसं मोजली, आणि लिहिलं की ही इमारत ओसाड आहे, तर चालेल का?

घार्टी हसले नाहीत. आक्षेप नोंदवून घेतो म्हणाले. कपाळाचा घाम पुसून त्यांनी पुढचं सांगितलं. अहवाल बुधवारी दुपारपर्यंत राजधानीला पोचलाच पाहिजे. पुन्हा पाहणी करायला हरकत नाही, पण शनिवार-रविवार ऑफिस बंद, सोमवारी सरकारी सुट्टी, तेव्हा राहतो मंगळवार. गावाने तीस-चाळीस होड्या तासाभरासाठी पाण्यात घालाव्यात. यंत्र वरून मोजेल, आकडा बदलेल, विषय संपेल.

स्वतः तीन दिवस सुट्टी घेणाऱ्यांनी दर्याची एक दिवसाची सुट्टी मोडायला सांगितली, ती अशी, अगदी सहज, मदत केल्यासारखी.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर नानाच्या अंगणात बैठक बसली. होड्यांचे मालक, नाखवे, बाया. सगळ्यात आधी जोजो बोलला. पंचविशीतला, नवीन होडीचा मालक, त्याचं लग्न ठरलेलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. जाळं टाकायचं नाही, मासा धरायचा नाही, नुसतं तासभर पाण्यात उभं राहायचं. त्यात दर्याचं काय जातं? आणि खाजण गेलं तर मंगळवार पाळून करायचं काय?

बऱ्याच माना हलल्या. एकुआचीही हलली असती. खरं सांगायचं, तर शुक्रवारपासून तिच्याही मनात हेच येत होतं. तिची भट्टी खाजणाच्या काठावर, तिच्या आईचीही तिथेच होती. तासभर होड्या पाण्यात गेल्या म्हणून आभाळ कोसळणार नव्हतं. दर्याचा देव रागावतो असं ती लहान पोरींना सांगायची, पण तिला स्वतःला तेवढं ठाम वाटत नव्हतं, आणि हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग नाना बोलला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही.

"दोष माझा आहे. त्यांना मी बोलावलं. मंगळवारी मी एकटा जातो होडी घेऊन. काय कोप व्हायचा तो माझ्यावर होऊ दे. तुम्ही कुणी येऊ नका."

एकुआला ते सहन झालं नाही. पंचाहत्तर वर्षांचा तिचा भाऊ, ज्याने आयुष्यात एक मंगळवार मोडला नाही, ज्याने पाहुणा म्हणून कुणाला पाणी दिलं, तो आता चोरासारखा बोलत होता. आणि ज्यांनी चूक केली ते घरी बसून सुट्टी घेत होते.

"दोष तुझा नाही," ती म्हणाली. "तू पाणी दिलंस. दोष पाणी पिऊन थुंकणाऱ्याचा. आणि कुणी जायचं नाही. तूही नाही, जोजोही नाही."

"मामे, एक तास—"

"ऐक जोजो. आपण दर्याला आठवड्यातला एक दिवस दिलाय. आपल्या आजोबांच्या आजोबांनी दिलाय. त्या दिवशी मासा अंडी घालतो का झोपा काढतो, मला नाही माहीत. पण त्या दिवशी आपण नसतो, एवढं त्याला माहीत आहे. म्हणून तर तुझ्या जाळ्याला अजून काही लागतं. आणि हे निसर्गाचं पुस्तक छापणारे लोक आपल्याला काय सांगतात? तो दिवस मोडा, म्हणजे तुम्हाला वाचवतो. अरे, त्यांच्या पुस्तकात जे लिहिलंय ते करणारे आपणच तर आहोत. आणि एकदा मोडलास ना, की पुढच्या कागदात ते लिहितील, इथले लोक मंगळवारीही दर्यावर जातात, तेव्हा आमची गाळ काढायची यंत्रं सातही दिवस चालली तर काय बिघडलं. तेव्हा काय तोंड दाखवशील?"

जोजोने विचारलं, मग करायचं काय? एकुआने सांगितलं. होड्या मोजायच्यात ना, मोजू देत. आहेत तिथे मोजू देत.

मंगळवारी सकाळी दहाला बंदराची पांढरी गाडी आली. किनाऱ्यावर दोनशे चौदा होड्या एका ओळीत उभ्या होत्या, नाकं दर्याकडे, झेंडे लावलेले. प्रत्येक होडीजवळ तिचा नाखवा आणि तिचे खलाशी उभे होते, कुणाच्या हातात वल्हं, कुणाच्या खांद्यावर जाळं, काही ओली जाळी अजून सोमवारच्या खवल्यांनी चमकत होती. बाया होड्यांमागे टोपल्या घेऊन बसल्या होत्या. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. पाण्यात एकही होडी नव्हती. लांबवर बंदराचा गाळ उपसणारा ड्रेजर तेवढा धडधडत होता. सगळ्या दर्यावर त्या दिवशी काम करणारं तेवढं एकच यंत्र होतं, आणि ते त्यांचं होतं.

ओपोकूने आपलं उडतं यंत्र सोडलं. ते घोंघावत दर्यावर गेलं, फिरलं, परत आलं. त्याने पडद्यावर पाहिलं आणि घार्टींना सांगितलं, पाण्यात शून्य. घार्टींनी फॉर्म काढला. एकुआ त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"या होड्या दिसल्या नाहीत का?"

"दिसल्या, मामे. पण फॉर्ममध्ये रकाना आहे 'पाण्यातल्या होड्या'. वाळूवरच्या होड्यांचा रकाना वेगळा आहे."

"त्यात काय लिहिता?"

आद्वोआने फॉर्मवर वाकून वाचलं. तो रकाना होता 'वापरात नसलेल्या'.

एकुआने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. कोट, टाय, वाळूत रुतणारे बूट. मांडवातल्या दिवसापासून तिच्या मनात एक गोष्ट खटकत होती. आद्वोआ फान्तीत सांगायची, तेव्हा हा माणूस तिचं वाक्य संपायच्या आधीच पुढचं वाचायला तोंड उघडायचा. याला भाषा कळत होती.

"मिस्टर घार्टी, तुम्हाला घरी काय म्हणतात?"

"कशाला, मामे?"

"सांगा तर."

"कोबिना."

मागच्या बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. त्या किनाऱ्यावर मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला आधी मिळतं, बाकीची नावं नंतर. आणि कोबिना हे मंगळवारी जन्मलेल्या मुलाचं नाव.

"आजोबा काय करायचे?"

"होडी होती त्यांची. पलीकडच्या गावात."

"मंगळवारी जायचे?"

घार्टींनी दर्याकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले.

एकुआला वाटलं होतं, की हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. पण बरं वाटलं नाही, उलट राग दुप्पट झाला. ओपोकू आतल्या जंगलपट्टीतला, त्याने दर्या पाहिलाच मुळी नोकरी लागल्यावर; त्याला माहीत नव्हतं असं घटकाभर मानता आलं असतं. पण हा माणूस मंगळवारचं नाव अंगावर घेऊन हिंडत होता. पाच मंगळवार नानाच्या अंगणात बसला, ओसाड दर्या पाहिला, तो का ओसाड आहे ते त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्याने शून्यावर सही केली. उंटावरून शेळ्या हाकणारे परके साहेब परवडले, निदान त्यांना शेळ्या दिसत तरी नाहीत. घार्टींनी वाळूकडे बघत काहीतरी सांगितलं. तारखा आधीच ठरल्या होत्या, वरून घाई होती, मी बोललो असतो तर सगळं सर्वेक्षण पुन्हा करावं लागलं असतं. त्यांनी फॉर्मवर शून्य लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

एकुआने फक्त हात पुढे केला. "चला. जेवायची वेळ झाली."

अंगणात बाकं मांडलेली होती, नेहमीसारखी. नानाने स्वतः दोघांना पाणी दिलं, नेहमीसारखं. त्यांनी हात धुतले. एकुआने ताटं आणली. पानातून सोडवलेले गरम डोकोनो, बाजूला वाटलेली लाल मिरची, आणि कालवणाचा मोठा वाडगा. ओपोकूने सवयीने वाडग्यात हात घातला, चाचपला आणि वर पाहिलं. नुसता रस होता.

"मामे," तो हसत म्हणाला, "मासा विसरलात वाटतं."

"विसरले नाही. तुमच्याच कागदात लिहिलंय, इथे मासेमारी होत नाही. मग मासा आणू कुठून?"

ओपोकूचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. अंगणाच्या कुंपणापाशी नाखवे येऊन उभे होते, जोजो सगळ्यांत पुढे. कुणी हसलं नाही. घार्टींनी डोकोनोचा तुकडा मोडला होता, तो त्यांच्या बोटांत तसाच राहिला. त्या अंगणात पाच वेळा मासा खाल्लेला माणूस तो, त्याला त्या वाडग्यात काय नाही ते चांगलं कळत होतं.

मग त्यांनी तुकडा ताटात ठेवला, हात धुतले, पुसले आणि पेन काढलं. फॉर्म गुडघ्यावर घेऊन त्यांनी शून्यावर रेघ मारली. खाली, रकान्याबाहेर, बराच वेळ काहीतरी लिहिलं. ओपोकू काहीतरी पुटपुटला, त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सही केली आणि कागद आद्वोआच्या हातात दिला. फान्तीत म्हणाले, "वाचून दाखवा त्यांना."

आद्वोआने वाचलं. या किनाऱ्यावर मंगळवारी मासेमारी बंद असते, ही गोष्ट सर्वेक्षणाच्या वेळी मला माहीत होती. सर्व सहा पाहण्या मंगळवारी झाल्या, म्हणून त्या ग्राह्य धरता येणार नाहीत. किनाऱ्यावरच्या दोनशे चौदा होड्या वापरात आहेत. खाजणात गाळ टाकण्यास पर्यावरण विभागाची संमती नाही. खाली पूर्ण नाव होतं. त्यांनी आजवर कुठल्याही कागदावर लिहिलं नव्हतं तसं, कोबिना घार्टी.

नानाने डोळे मिटले आणि ओठ हलवले. आपल्या मेलेल्या माणसांना काहीतरी सांगत असावा. कुंपणापाशी जोजोने वल्हं जमिनीवर टेकवलं. हा कागद राजधानीला पोचेल का, पोचला तर कुणी वाचेल का, आणि घार्टींच्या खुर्चीत पुढच्या महिन्यात कोण बसलेलं असेल, हे कुणालाच माहीत नव्हतं. ड्रेजरची धडधड अंगणापर्यंत ऐकू येत होती.

"एवढं लिहायला तुम्हाला सहा मंगळवार लागले," एकुआ म्हणाली.

घार्टींनी मान खाली घातली. मग, लहान मूल विचारतं तसं, त्यांनी विचारलं, "मामे, आता तरी मासा मिळेल का?"

एकुआने त्यांच्यासमोरचा वाडगा उचलला.

"उद्या या," ती म्हणाली. "बुधवारी. पहाटे सहाला किनाऱ्यावर उभे राहा आणि जाणाऱ्या होड्या मोजा. मग जेवायला या."